जिन्याखालच्या गाड्या आणि मनीषा

मनीषा बोरसे कॉलेजातून घरी आली की आधी जिन्याखाली वाकायची आणि वास घ्यायची. लग्नघरातला आचारी भाताच्या पातेल्यावर वाकतो ना, तशी. डोळे मिटून, ओढणी एका हातानं धरून. तिथे बॅटरीवरच्या स्कूटरी ओळीनं उभ्या असायच्या, प्रत्येकीच्या पोटातून एक वायर निघून भिंतीवरच्या बोर्डात गेलेली. गोठ्यात म्हशी बांधाव्यात तशा. त्या म्हशींमधून ही हुंगत हिंडायची आणि मग जिना चढायला लागायची.

"काय हुंगतेस गं?" मी एकदा विचारलं.

"गोड वास येतो का बघते, बाई. नेलपॉलिश पुसायचं औषध असतं ना, तसा. सेल फुटायच्या आधी कधीकधी येतो."

"आणि नाही आला तर?"

"तरी फुटू शकतो."

"मग हुंगतेस कशाला?"

"दुसरं काय करू?"

हे 'दुसरं काय करू' ती इतक्या सरळपणे म्हणाली, की माझ्यासारख्या तोंडाळ बाईनंही वाकून एकदा हुंगून घेतलं.

आमची इमारत सुरतेतल्या भेस्तानची. लिफ्ट नाही, जिना एकच, आणि त्या जिन्याच्या पोटात जी अंधारी जागा उरते तिथे सगळ्यांच्या गाड्यांचं चार्जिंग. मनीषा तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहायची. घरात ती आणि तिचे वडील, बोरसेदादा. धुळ्याकडून आलेला माणूस, जन्मभर कापडाच्या लूमवर उभा राहिला आणि अर्धांगवायूनं उजवी बाजू गेल्यावर पलंगाला खिळला. मनीषाची भीती साधी होती. खाली पेटलं तर धूर जिन्यातूनच वर येणार, आणि ज्याला जिना उतरता येत नाही असा माणूस वर आहे. गाड्या तेवढ्या अंगणातल्या भिंतीशी, उघड्यावर लावा, एवढंच तिचं मागणं. हे सांगायला विज्ञान लागत नाही. पण ती ते विज्ञानातून सांगायची, हीच तिची खोड.

ती कॉलेजात शिकवायची आणि लिथियमच्या बॅटऱ्या का पेटतात, यावर संशोधन करायची. आपण ज्या बॅटऱ्या जपून वापरतो, त्या ही मुद्दाम तापवणार, चेचणार, त्यांना भोक पाडणार. एकदा तिला बघायला कडोदऱ्याची मंडळी आली होती. शेजारधर्म म्हणून पोह्यांची ताटली घेऊन मीही बसले. (पोहे निमित्त. मला मुलगा बघायचा होता.) मुलाच्या आईनं विचारलं, "ऑफिसात काय काम असतं?"

"खिळा मारते," मनीषा म्हणाली.

"कशात?"

"बॅटरीत. मग ती पेटते."

मुलानं चहाचा कप अर्ध्यावर खाली ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही आणि मनीषानंही वाट पाहिली नाही. पलंगावरून दादा मात्र दिवसभर हसत होते. "मास्तरीणबाई, पोरगा चांगला व्हता. पन त्याले वाटनं, आपला नंबर खिळाना खाले लागी."

मास्तरीणबाई म्हणजे मी. महापालिकेच्या मराठी शाळेत मी शिकवत असे, आणि मनीषा माझ्याच वर्गात होती, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची. त्या काळातली मी कशी होते सांगू? कडक इस्त्रीची साडी, हातात पट्टी, आणि पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे काही ज्ञान जगात शिल्लक आहे हे मानायला साफ नकार. एकदा वर्गात मी सांगितलं की बॅटरीचे सेल संपले तर उन्हात ठेवावेत, ऊन खाऊन त्यांना पुन्हा ताकद येते, जशी दूध पिऊन तुम्हाला येते. घरोघरी खिडकीत सेल वाळत असायचे, त्यामुळे हे विज्ञानच आहे असं मी धरून चालले होते. मागच्या बाकावरून मनीषा उभी राहिली. "बाई, मग रोज उन्हात ठेवला तर सेल कधीच संपणार नाही का?"

मी म्हणाले, "खाली बस. आगाऊपणा नको."

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही हात काळे करून आली. घरातला सेल फोडून आत बघितला होता. आत फक्त काळी पूड आणि एक कांडी आहे, दूध-बिध काही नाही, असं तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं. मी तिला हात धुवायला पाठवलं आणि घाईघाईनं भूगोल काढला. भूगोलात निदान कोणी हात काळे करून येत नाही.

मोठी झाल्यावर तिनं मला तिची प्रयोगशाळा दाखवली. मला वाटलं होतं, फिल्ममध्ये असतात तशा रंगीत बाटल्या असतील. होती एक लोखंडी पेटी, तिला जाड काच, आणि आत बोटाएवढा एक सेल, त्याभोवती तापवायची तार गुंडाळलेली. मनीषानं मला मागच्या खुर्चीत बसवलं, कानात कापूस घालायला लावला, आणि तापवायला सुरुवात केली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मी जांभई दिली. तेवढ्यात 'फस्' झालं, सोड्याच्या बाटलीसारखं, आणि थोडी पांढरी वाफ आली.

"झालं?" मी म्हणाले.

"अजून नाही. आता हा मधला वेळ."

पुन्हा शांतता. मी म्हणणारच होते की तुझा सेल थंड पडला, तोच काचेच्या आत एक पांढरी-पिवळी ज्वाळा अशी सुटली, की मी खुर्चीसकट मागे सरकले आणि तोंडातून जे निघालं ते मास्तरीणबाईला शोभणारं नव्हतं. मनीषा हसली नाही. ती काचेला नाक लावून बघत होती, जशी एखादी आई तापानं फणफणलेल्या पोराकडे बघते.

मग तिनं समजावून सांगितलं. सेलच्या आत दोन बाजू असतात, एकमेकींच्या अगदी जवळ, पण त्यांनी एकमेकींना शिवायचं नाही. मध्ये एक पडदा, आपल्या जॉर्जेटपेक्षाही पातळ. तो शाबूत आहे तोवर सेल गुणी. तो फाटला की दोन्ही बाजू भिडतात, आणि मग बाहेरून कोणी काही करू शकत नाही. आतली आग स्वतःच स्वतःला पेटवत जाते.

"कळलं," मी म्हणाले. "सासू आणि सून. मधला पडदा म्हणजे नवरा."

आता ती हसली. "बाई, हे मी पुढच्या परिषदेत सांगू का?"

"सांग. माझं नाव घालून."

पण परत येताना, बीआरटीएसच्या बसमध्ये, ती एकदम म्हणाली, "सेल कसा जातो हे मला सांगता येतं, बाई. कुठला जाईल ते सांगता येत नाही. हजार सारखे सेल दिसतात, सगळे चांगले. त्यातला एक जाणार असतो. लोक मला विचारतात, माझी गाडी पेटेल का? मी काय सांगू? 'माहीत नाही' म्हटलं की ते म्हणतात, मग काही होणार नाही."

तो मधला वेळ, 'फस्' आणि ज्वाळेच्या मधला, त्यावर तिचं सगळं काम होतं. त्या वेळात जो वायू सुटतो तो ओळखून ओरडणारी एक डबी तिनं बनवली होती, आणि तिनं काय करावं? ती आणून आमच्या जिन्याखाली लावली. पहिल्याच दिवशी डबी ओरडली. आम्ही सगळे खाली धावलो. पहिल्या मजल्यावरच्या सुमनबाई काळ्या मसाल्यासाठी मिरच्या आणि खोबरं भाजत होत्या, आणि तो नाकाला झोंबणारा धूर खाली उतरला होता. खानदेशी घरांची इमारत. मसाला भाजला नाही असा आठवडा जात नाही. डबी मग डासांच्या धुराला ओरडली, अगरबत्तीला ओरडली, एका नव्या सुनेच्या परफ्यूमला ओरडली. शेवटी ती गप्प झाली. मनीषानं उघडून बघितलं तर आतले सेल गायब. आमचे सेक्रेटरी जयंतीभाई यांनी ते काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. क्रिकेट चालू होतं म्हणे.

मला वाटलं ती भडकेल. ती डबी हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. "त्यांचं काय चुकलं? माझ्याच यंत्राला अजून मिरची आणि मरण यातला फरक कळत नाही."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती दर वेळी उभी राहायची. गाड्या बाहेर लावा, वर पत्रा टाका, बोर्ड तिकडे न्या. नकार कोणी द्यायचंच नाही, हीच तर खरी अडचण होती. नकार दिला असता तर भांडता आलं असतं. जयंतीभाई हात जोडून म्हणायचे, "बेन, तमे चिंता ना करो. करी नाखशुं." करून टाकू. उन्हाळ्यात म्हणायचे पावसाच्या आधी, पावसात म्हणायचे दिवाळीनंतर. आणि सुमनबाईंचा मनोज, मार्केटमधून साड्यांची पार्सलं पोचवणारा, तो म्हणायचा, "ताई, बाहेर लावली तर वायर कापून नेतात लोक. गाडी गेली तर माझी रोजी गेली." हेही खोटं नव्हतं. मनीषा त्याचं ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा तेच बोलायची.

मी या लोकांना हसणार नाही. नवी नवरी होऊन मी सुरतेत आले तेव्हा नायलॉनच्या साडीत, पदर वाऱ्यावर सोडून, रॉकेलचा स्टोव्ह पंप करत असे. चाळीतल्या एक काकू रोज दारात उभ्या राहून म्हणत, "पदर खोच गं, पेटशील." मी आरशात बघून म्हणायची, "काकू, पदर खोचला की मी मोलकरीण दिसते." सुंदर दिसत भाजून मरायची माझी पूर्ण तयारी होती. मेले नाही, हा स्टोव्हचा चांगुलपणा. आणि मेले नाही म्हणून माझंच खरं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे वाहनं धुतात, पुजतात. मनोजनं गाडी अंगणात काढली, सीट उचलली आणि पाइपचा जोर लावून आतून-बाहेरून धुतली. बॅटरीच्या खाचेत पाणी डबडबलं. सुमनबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या, चाकाखाली लिंबू ठेवलेलं, हँडलला झेंडूचा हार. मनीषा जिन्यावरून धावतच खाली आली, पायात चप्पलही नाही.

"मनोज, आत पाणी नको! थांबव!"

"ताई, वर्षातून एकदा तर आंघोळ घालतोय."

"ऐक माझं. आता चार्जिंगला लावू नकोस. दुकानात नेऊन उघडून दाखव. तोवर बाहेरच ठेव, जिन्याखाली नको. आत शॉर्ट झाला तर पेटेल."

सुमनबाईंनी ताट खाली ठेवलं. "मनीषा, आज सणाना दिन शे. पेटंल, जळंल असं तोंडातून काढू नको. शुभ बोल माय."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. मी मनोजला म्हटलं, "अरे, शिकलेली आहे ती, ऐक." तो म्हणाला, "हो आजी," आणि गाडीच्या सीटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. संध्याकाळी गाडी जिन्याखाली, वायर बोर्डात. मनीषानं दोनदा जाऊन प्लग काढला, दोनदा कोणीतरी तो परत लावला. रविवारी तर तिनं जिन्याखालीच खुर्ची टाकली आणि दिवसभर तिथे पेपर तपासत बसली. पोरं म्हणायची, ताई गाड्या राखते. काही दिवस गेले. काही झालं नाही. मनोज जिन्यात तिला नमस्कार करून म्हणायचा, "ताई, आंघोळ मानवली बरं का."

त्यानंतर एका दुपारी मी दादांजवळ बसले होते. मनीषा कॉलेजात असली की मी तिथेच बसत असे, पत्ते खेळायला आणि भांडायला. दादा डाव्या हातानं पत्ते लपवत होते, तेवढ्यात खालून, जिन्यातून, मोठा आवाज आला. 'फस्'. मी तो आवाज ओळखला. सगळ्या इमारतीत तो ओळखणारी तेव्हा मी एकटीच होते, आणि मला काय करायचं ते माहीत नव्हतं. मी फोन लावला.

"बाई, दार लावा," मनीषा म्हणाली. तिचा आवाज वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा होता, एकेक शब्द सुटा. "फटीत ओलं फडकं घाला. खिडकी उघडा. दार उघडू नका, कोणी ठोठावलं तरी जिन्यात जाऊ नका. सगळ्यांना ओरडून सांगा, खाली उतरू नका. मी निघाले."

मी खिडकीतून ओरडले. मास्तरकीचा सगळा आवाज लावला. पण आग म्हटल्यावर माणूस खालीच धावतो. जिन्यात पायांचा धडधडाट झाला, मग खोकणं, मग रडणं. दाराच्या फटीवरचं फडकं काळं पडत गेलं. दादा म्हणाले, "तू जाय ना बाई, मी आठेच शे."

"कुठे जाऊ तुला इथे सोडून? तुझ्या पोरीनं दार उघडायची मनाई केलीय."

"मंग पत्ते वाट," ते म्हणाले.

मी वाटले. अर्धे पत्ते पलंगाखाली गेले.

कोणी मेलं नाही. आपली ती धुतलेली गाडी ओढून काढायला गेलेल्या मनोजचे दोन्ही हात भाजले, सुमनबाई धुरानं बरेच दिवस दवाखान्यात होत्या. जिना छतापर्यंत काळा झाला. मनीषा आली तेव्हा अग्निशमनवाले पाइप गुंडाळत होते. ती त्या काळ्या पायऱ्या चढून वर आली, वडिलांच्या नाकाखाली बोट धरलं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तिनं त्या दिवशीही म्हटलं नाही, नंतरही नाही. म्हणायला हवं होतं. कारण ते दुसऱ्यांनीच म्हटलं, आणि वेगळंच म्हटलं.

सुमनबाई दवाखान्यातून घरी आल्या. मनीषा फळं घेऊन भेटायला गेली. सुमनबाई तोंड फिरवून म्हणाल्या, "तुन्ही जीभ काळी शे. सणाना दिन बोलनी आन तसंच व्हयनं."

पाणी, शॉर्ट, पातळ पडदा, सगळं धुरासारखं उडून गेलं. उरली ती मनीषाची जीभ. इमारतीत कुजबुज पसरली, ही बोलते ते होतं. तिनं जिन्यात थांबून गॅसच्या नळीकडे बघितलं तरी घरातली बाई म्हणायची, "ताई, काही बोलू नका हं." दुसऱ्या मजल्यावरची एक चिमुरडी तिला अडवून म्हणाली, "ताई, जीभ दाखव ना." मनीषानं पायरीवर बसून आ केला. कॉलेजच्या दारात बर्फगोळा खाल्लेला असावा. पोरगी आत ओरडत गेली, "मम्मी, काळी नाही, केशरी आहे!"

मी हे ऐकून हसले. मनीषाही हसली. मग म्हणाली, "बाई, आधी मी बोलायचे तर कोणी ऐकत नव्हतं. आता ऐकतात, तर बोलता येत नाही."

आगीच्या भीतीनं गाड्या अंगणात गेल्या होत्या. पण जिना रंगवून झाला, आणि रंगाचा वास गेला तशी एकेक गाडी परत आत शिरायला लागली. मनोजची नवी गाडी तेवढी बाहेर राहिली, आणि त्याला बघून आणखी एकदोघांच्या. मनीषा ते बघायची आणि ओठ मिटून वर जायची. वास घ्यायची नाही. वाकलेली कोणी पाहिली तर पुन्हा बोभाटा. शेवटी तिनं कडोदऱ्याकडे तळमजल्यावरचं घर बघितलं. "मला माझ्यापुरता एक माणूस जिन्यावरून खाली आणता येतो, बाई," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय ते मला येत नाही."

घर सोडायच्या दिवशी दादांना खुर्चीत बसवून खाली कोणी आणलं? मनोजनं, भाजलेल्या हातांनी, आणि इमारतीतल्या बाकीच्या पोरांनी. वळणावळणावर "सांभाळून, दादा" म्हणत, काचेचं भांडं आणावं तसं आणलं. वाईट माणसं कुठे होती तिथे? टेम्पोत गादी अंथरली, दादांना आडवं केलं, उन्हाला आड म्हणून चादर बांधली. जयंतीभाई पाण्याची बाटली घेऊन उभे. सुमनबाई वाटीत दही-साखर घेऊन आल्या.

त्यांनी ती मनीषाच्या तळहातावर ठेवली. मनीषानं खाल्ली. मग सुमनबाईंनी तिचा हात सोडलाच नाही. "तू बोलस ते व्हस. आते जाता जाता चांगलं बोली दे. म्हन, या बिल्डिंगले काही व्हवाव नही."

सगळ्या बाया जवळ आल्या. मनीषा म्हणाली, "गाड्या बाहेर ठेवा, सुमनकाकू. मग काही होणार नाही."

"अशी अट नको घालू, बेन," जयंतीभाई म्हणाले. "शुकन छे. चोख्खुं बोलो." शकुनाचं म्हणे स्वच्छ बोलावं लागतं.

"म्हन ना, माय," सुमनबाईंचे डोळे भरून आले होते. "मनं पोरगं थोडक्यात वाचनं."

टेम्पोतून दादा खोकले. ऊन चढत होतं. जन्मभर 'माहीत नाही' म्हणत आलेली ती बाई, ओठाला दही तसंच, खूप हळू आवाजात म्हणाली, "काही होणार नाही."

सुमनबाईंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. मनीषा वडिलांच्या उशाशी जाऊन बसली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. टेम्पो फाटकातून बाहेर पडत होता तेव्हा मनोजनं अंगणातली आपली नवी गाडी स्टँडवरून काढली, ढकलत जिन्याखाली नेली आणि वायर बोर्डात घातली. त्याच्या मागोमाग दुसरा.

"अरे, बाहेर ठेव ती!" मी ओरडले.

"आजी, आता ताईंनीच सांगितलं ना?" तो म्हणाला. त्याच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी सुटल्यासारखं हसू होतं.

मी रस्त्याकडे वळले. मनीषानं ते पाहिलं होतं. ती चालत्या टेम्पोत गुडघ्यांवर उभी राहिली होती, एका हातानं दांडी धरून, आणि दुसरा हात बाहेर, बाहेर, बाहेर असा फेकत होती. ओरडतही असावी, हायवेच्या ट्रकांत काही ऐकू येत नव्हतं. इमारतीच्या दारातली सगळी माणसं, सुमनबाई, जयंतीभाई, बाया, पोरं, तिला निरोपाचे हात उंच करून हलवून दाखवत होती. "आवजो, ताई! आवजो!"

टेम्पो वळेपर्यंत तिचा हात तसाच चालू होता.